जांघेतला हर्निया पुन्हा आला? रोबोटच्या आधी जुन्या ऑपरेशनचा कागद शोधा

जांघेतल्या हर्नियाचं एकदा ऑपरेशन झालं, जाळी बसली, आणि काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा फुगवटा दिसला की पेशंट विचारतो, "आता रोबोटने करून घेऊ का?" विचारायलाच हवं. पण त्याचं उत्तर आणखी एका प्रश्नावर अवलंबून आहे, आणि तो फारसं कुणी विचारत नाही. मागचं ऑपरेशन कुठल्या वाटेने झालं होतं? जांघेवर चिरा देऊन समोरून, की पोटातून दुर्बिणीने मागच्या बाजूने?

हे का महत्त्वाचं, ते आधी बघू. जांघेत पोटाची भिंत थरांची असते. समोरून ऑपरेशन करताना कातडी आणि स्नायूचं आवरण उघडून, वृषणाकडे जाणारी दोरी उचलून, तिच्याखाली जाळी शिवतात. १९८० च्या दशकात लिक्टेनस्टाइन यांनी रूढ केलेली हीच पद्धत आजही सगळ्यात जास्त वापरली जाते. दोरीत वृषणाची धमनी, शिरांचं जाळं आणि वीर्यनलिका असते आणि तिच्या आजूबाजूने तीन बारीक मज्जातंतू जातात. एकदा तिथे जाळी बसली की वर्षभरात सगळं एकमेकांत लिंपल्यासारखं चिकटतं. पुन्हा त्याच चिऱ्यातून शिरायचं म्हणजे या चिकटलेल्या गोळ्यातून दोरी सोडवायची. यात वृषणाचा रक्तपुरवठा तुटून ते सुकण्याचा धोका असतो, मज्जातंतू दुखावून कायमची वेदना मागे लागण्याचाही.

मागची बाजू मात्र तेव्हा जवळजवळ कोरी असते. पोटाच्या आतून, अस्तर आणि भिंत यांच्या मधल्या पदरात गेलं की आधीच्या डॉक्टरांचा हात न लागलेली जागा मिळते. शिवाय जाळी मागून बसली की पोटातला दाब तिला भिंतीवरच दाबून धरतो. टायर चिरला की सायकलवाला आतून गेटर टाकतो आणि ट्यूबमधली हवाच तो जागेवर धरून ठेवते, तसंच हे.

म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये नियम अगदी साधा आहे: आधीचं समोरून झालं असेल तर आता मागून जा, आधीचं मागून झालं असेल तर आता समोरून. रोबोट हे मागून जाण्याचंच एक साधन. त्यामुळे आधीचं ऑपरेशन दुर्बिणीने झालेलं असताना कुणी पहिल्या भेटीतच रोबोटची तारीख देत असेल, तर थांबून कारण विचारा. कारण असू शकतं, पण ते नीट सांगता आलं पाहिजे.

आता कागद. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा "हर्निओप्लास्टी" एवढंच असतं, आणि त्याचा उपयोग नाही. हवी ती ऑपरेशन नोट, म्हणजे भूल कुठली, चिरा कुठे, हर्निया कुठल्या प्रकारचा निघाला, जाळी किती बाय किती आणि कशाने अडकवली, हे लिहिलेलं पान. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचं असतं आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असतं. ३ वर्षं उलटली असली तरी लेखी अर्ज देऊन बघा, बऱ्याच ठिकाणी जुन्या फायली पडून असतात. जुन्नर, इंदापूर, बारामतीकडून पुण्याला येताना ही फाइल आणली तर अर्धं काम तिथेच होतं.

फाइल नसेलच तर पोटावरचे व्रण वाचता येतात. जांघेत तिरका ५ ते ८ सेंटीमीटरचा व्रण असेल तर समोरून. बेंबीजवळ एक आणि बेंबीखाली मधल्या रेषेत दोन बारीक व्रण असतील तर दुर्बिणीने, पोटाच्या पोकळीत न शिरता. बेंबीजवळ एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असेल तर दुर्बिणीने, पोटाच्या आतून. दोन्ही प्रकारचे व्रण असतील तर हे तिसरं ऑपरेशन ठरणार, आणि ते कुणाकडेही करायचं नाही. जुन्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात जाळी धातूच्या टॅकने, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकली असेल तर कमरेच्या साध्या एक्स-रेत ते टॅक चमकताना दिसतात, स्वस्तातली खूण म्हणायला हरकत नाही.

पुण्यात आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते. इथलेच डॉ. मोहन देसरडा यांनी बिनजाळीची पद्धत विकसित केली आणि २००१ मध्ये ती प्रसिद्ध केली. बाहेरच्या स्नायूच्या आवरणाची एक पट्टी, दोन्ही टोकांनी जागेवर जोडलेलीच ठेवून, मागच्या भिंतीवर शिवायची. जगभर तिची नोंद घेतली गेली. त्यामुळे "माझ्यात जाळी नाहीच" असं पेशंट म्हणाला तर ते खरं असू शकतं. अशा पेशंटमध्ये पुन्हा हर्निया आला तर मागची बाजू पूर्ण कोरी असते आणि काम त्या मानाने सोपं जातं.

फुगवटा म्हणजे हर्नियाच, हेही गृहीत धरू नका. ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत आलेला, आडवं झोपल्यावर आत न जाणारा आणि खोकल्यावर हाताला धक्का न देणारा गोळा बहुतेक वेळा साठलेलं पाणी असतं, डॉक्टरांच्या भाषेत सेरोमा. मोठा हर्निया आत ढकलला की मागे रिकामी पोकळी राहते आणि तिच्यात हे पाणी साठतं. काही आठवड्यांत ते आपोआप जिरतं. सुईने काढायची घाई करू नये. सुईबरोबर जंतू जाळीपर्यंत पोचले तर साध्या गोष्टीची मोठी भानगड होते. शंका असेल तर उभं राहून आणि जोर लावून केलेली सोनोग्राफी मागा. झोपवून केलेल्या सोनोग्राफीत छोटा हर्निया आत गेलेला असतो आणि रिपोर्ट "नॉर्मल" येतो. फुगवटा नाही, फक्त दुखतं आहे, अशा वेळी एमआरआय जास्त सांगून जातो. नुसत्या दुखण्यासाठी पुन्हा जाळी घालणं ही तर चूकच, कारण त्या दुखण्याचं मूळ बहुतेकदा मज्जातंतूत असतं.

हर्निया पुन्हा का येतो, हे समजलं की पुढच्या ऑपरेशनात काय बघायचं ते कळतं. सगळ्यात जास्त वेळा जाळी छोटी पडलेली असते, विशेषतः आतल्या टोकाला. जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखाली हाताला लागणाऱ्या हाडाच्या, उंचवट्यावर जाळी निदान २ सेंटीमीटर पुढे जायला हवी. ती काठावरच संपली असेल तर नेमक्या त्या कोपऱ्यातून हर्निया डोकावतो. दुसरं कारण म्हणजे पहिल्या वेळी राहून गेलेला दुसरा हर्निया. जांघेच्या त्या टीचभर जागेत तीन वाटा आहेत: दोरीबरोबर येणारी, सरळ भिंतीतून येणारी आणि मांडीच्या शिरेशेजारची फिमोरल. समोरून काम करताना ही तिसरी वाट सहज नजरेआड होते. बायकांमध्ये तर ती कायम तपासायलाच हवी, कारण त्यांच्यात फिमोरल हर्नियाचं प्रमाण जास्त आणि त्यात आतडं अडकण्याचा धोकाही जास्त. तिसरं, दोरीला लगडलेला चरबीचा गोळा काढायचा राहिला तर जाळी उत्तम असूनही फुगवटा तसाच दिसत राहतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनानंतर येणाऱ्या हर्नियाचं कारण मात्र वेगळं असतं. पोटाचं अस्तर दोरीवरून पुरेसं खाली सोडवलेलं नसतं. शेवटी पोटातला गॅस सोडला की ते अस्तर वर सरकतं आणि जाळीची खालची कड आपल्याबरोबर उचलतं. जाळी खालून दुमडली की तिच्याखालून वाट मोकळीच. ऑपरेशन संपताना पडद्यावर सगळं झकास दिसलेलं असतं, आणि दुमडणं घडतं ते शेवटच्या दोन मिनिटांत.

पेशंटच्या बाजूची कारणं वेगळी. तंबाखू आणि सिगारेट कोलॅजेन, म्हणजे पोटाच्या भिंतीला बळकटी देणारं प्रथिन, बिघडवतात. जुनाट खोकला, शौचाला कुंथणं आणि प्रोस्टेटमुळे लघवीला जोर लावणं, या तिन्हींनी पोटातला दाब रोज शेकडो वेळा वाढतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यात वजन उचलणारा कामगार स्वतःला दोष देत येतो, पण त्याच्या पोत्यांपेक्षा त्याचा सकाळचा खोकला जास्त वाईट असू शकतो. लघवीची धार बारीक असेल तर आधी प्रोस्टेटचं बघा. नाहीतर ऑपरेशनच्या रात्रीच लघवी अडकते आणि नळी घालावी लागते.

ऑपरेशन लगेच करायलाच हवं का? त्रास किरकोळ असेल आणि पेशंट पुरुष असेल तर थांबता येतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, किरकोळ त्रास असलेल्या ज्या पुरुषांवर फक्त लक्ष ठेवलं गेलं त्यांच्यात अचानक आतडं अडकण्याचं प्रमाण दर १००० पेशंट-वर्षांमागे २ पेक्षाही कमी होतं. मात्र दुखणं वाढल्यामुळे त्यातल्या बहुतेकांनी पुढच्या १० वर्षांत ऑपरेशन करून घेतलंच. म्हणजे थांबणं सुरक्षित आहे, पण बहुधा ती पुढे ढकललेली तारीख असते. तो वेळ तंबाखू सोडायला, साखर आणि वजन आटोक्यात आणायला वापरला तर सोनं होतं. बायकांनी मात्र थांबू नये.

आता रोबोट. मशीन स्वतः काही कापत नाही. सर्जन त्याच खोलीत, थोड्या अंतरावर कन्सोलला बसतो, आणि त्याच्या बोटांची हालचाल टेबलाजवळच्या हातांमधून पोटात पोचते. पेशंटशेजारी हात धुतलेला मदतनीस सर्जन कायम उभा असतो. अवजारं बदलणं, जाळी आणि सुई आत देणं ही त्याची कामं. या मदतनिसाचा अनुभवही विचारून घ्या, गरज पडली तर पोट उघडायची तयारी पहिल्यांदा त्याच्याच हातांत असते.

जांघेच्या हर्नियासाठी बहुतेकदा रोबोटचे तीन हात लागतात: एक कॅमेऱ्याचा आणि दोन अवजारांचे. पोर्ट, म्हणजे अवजारं पोटात घालायच्या नळ्या, ८ मिलिमीटरचे. कॅमेऱ्याचा बेंबीच्या किंचित वर, बाकी दोन त्याच आडव्या रेषेत दोन्ही बाजूंना सुमारे ८ सेंटीमीटरवर. त्याहून जवळ घेतले तर बाहेर हात एकमेकांवर आपटतात. पोटात कार्बन डायऑक्साइड पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर दाबाने भरतात. टेबल डोक्याकडे सुमारे १५ अंश खाली झुकवतात म्हणजे आतडी वर सरकतात आणि जांघ मोकळी दिसते. रोबोट जोडल्यानंतर टेबल सहसा हलवता येत नाही, त्यामुळे हा कोन आधीच ठरवायचा. पूर्ण भूल लागतेच. हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतील तर जागा बधिर करून समोरून केलेलं ऑपरेशन जास्त सुरक्षित, मग रोबोट कितीही भारी असो.

आत गेल्यावर पहिलं काम नुसतं बघण्याचं. दोन्ही बाजू बघायच्या, कारण दुसऱ्या बाजूला लपलेला हर्निया असू शकतो. जुनी जाळी समोरून बसवलेली असेल तर आतून ती बहुतेक दिसतही नाही. फक्त भोकाच्या कडेशी अस्तर पांढुरकं आणि ओढलेलं दिसतं. पूर्वी प्लग घातला असेल, म्हणजे बॅडमिंटनच्या फुलासारखी गुंडाळलेली जाळी, तर तिची कडक गाठ आतल्या बाजूला टोचून आलेली दिसते आणि कधी तिला मूत्राशय किंवा आतडं चिकटलेलं असतं.

मग भोकाच्या ४ ते ५ सेंटीमीटर वर अस्तराला आडवी चीर देऊन ते कागदी पडद्यासारखं खाली सोडवत न्यायचं. आतल्या बाजूला जघनास्थीची चकचकीत पांढरी कड, म्हणजे कूपरचा अस्थिबंध, स्पष्ट दिसला पाहिजे. तिथून मधली रेषा ओलांडून पलीकडे, आणि हाडाच्या खाली निदान २ सेंटीमीटर जागा मोकळी करायची. इथे मूत्राशय असतं. पुन्हा होणाऱ्या ऑपरेशनात लघवीची नळी घालावीच, आणि शंका आली तर त्या नळीतून २०० मिलिलिटरच्या आसपास रंगीत सलाईन भरून गळती बघावी. मूत्राशयाला पडलेलं भोक लगेच सापडलं तर दोन थरांत शिवून ७ ते १० दिवस नळी ठेवली की भागतं. सापडलं नाही तर तिसऱ्या दिवशी पोट फुगून पेशंट परत येतो.

बाहेरच्या बाजूचं सोडवणं सोपं, पण शिस्तीचं. दोरीशी आल्यावर वेग कमी करायचा. वीर्यनलिका आतल्या बाजूला वळते, वृषणाच्या रक्तवाहिन्या बाहेर जातात, आणि दोघींच्या मधल्या त्रिकोणात पायाची मुख्य धमनी आणि शीर असते. याच त्रिकोणाला सर्जन मृत्यूचा त्रिकोण म्हणतात. त्याच्या बाहेरचा वेदनेचा त्रिकोण, त्यात मांडीचे मज्जातंतू. या दोन्हींत टाका नाही, टॅक नाही, विजेचा चटका नाही. कूपरच्या कडेवरून एक आडवी रक्तवाहिनी जाते. ती तुटून हाडामागे सरकली तर रक्त आवरणं कठीण होतं, म्हणून ती आधीच ओळखून ठेवायची.

हर्नियाची पिशवी जुन्या प्लगला घट्ट चिकटली असेल तर पूर्ण ओढून काढायचा हट्ट नको. तिथेच कापून लांबचा भाग मागे सोडायचा आणि जवळचं तोंड शिवायचं. हट्टाने ओढली तर वृषणाच्या शिरा फाटतात. जुनी जाळीही काढायची नसते. जंतुसंसर्ग झाला असेल किंवा दुखण्याचं कारण तीच असेल तरच ती काढायची. जिथे जाळी पायाच्या मुख्य शिरेवर बसलेली असते तिथे अनुभवी सर्जनसुद्धा तिची पट्टी शिरेवर तशीच सोडून देतो. रोबोटच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हाताला ओढ जाणवत नाही, सगळा अंदाज डोळ्यांनी घ्यावा लागतो. म्हणून या जागी ओढून बघणं नाही.

अस्तर इतकं खाली सोडवायचं की दोरी ५-६ सेंटीमीटर उघडी पडते आणि वीर्यनलिका आतल्या बाजूला वळलेली दिसते. मग अस्तर वर ओढून बघायचं. दोरी हलली नाही तर पुरेसं सोडवलं, हलली तर अजून काम बाकी. ही एक चाचणी नीट केली तर मघाशी सांगितलेलं जाळीचं दुमडणं टळतं.

इथेच रोबोटचा खरा उपयोग दिसतो. साध्या दुर्बिणीतली सरळ काडी वळत नाही. रोबोटचं अवजार मनगटासारखं वळतं, हाताची थरथर गाळली जाते आणि चित्र खोलीसकट मोठं दिसतं. सरळ भिंतीतल्या मोठ्या हर्नियात भिंतीचा सैल पडदा काटेरी धाग्याने (बारीक काट्यांमुळे गाठ न मारताही हा धागा पकडून राहतो) शिवून आवळता येतो, त्यामुळे मागे पाणी कमी साठतं. पातळ अस्तर फाटलं तर तेही नीट शिवता येतं. अस्तराचं भोक उघडं राहिलं तर आतडं जाळीला चिकटतं किंवा त्या भोकात अडकतं, म्हणून हे शिवणं मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो.

जाळी निदान १० बाय १५ सेंटीमीटर. पुन्हा होणाऱ्या आणि मोठ्या हर्नियात १२ बाय १६ सुद्धा वापरतात. तिन्ही वाटा एकाच जाळीखाली यायला हव्यात आणि आतल्या टोकाने मधली रेषा ओलांडायला हवी. सरळ भिंतीतलं भोक मोठं असेल तर फार हलकी जाळी नको, ती भोकात फुगत जाते, आणि अशी जाळी कूपरच्या कडेला आणि वरच्या बाजूला दोन-तीन टाक्यांनी अडकवावी. खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात काहीही नको.

अस्तर काटेरी धाग्याने बंद केल्यावर शेवटचं टोक अगदी बुंध्याशी कापायचं. पाव इंच शेपूट बाहेर राहिली तरी ती आतड्याला किंवा त्याच्या पडद्याला धरते आणि काही दिवसांनी आतडं पिळून उलट्या सुरू होतात. शेवटी गॅस हळूहळू, बघत बघत सोडायचा. जाळीची खालची कड जागेवर आहे हे बघूनच कॅमेरा बाहेर.

मग रोबोट साध्या दुर्बिणीपेक्षा चांगला का? साध्या, एका बाजूच्या हर्नियात तसा पुरावा नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या १०२ पेशंटच्या चाचणीत ३० दिवसांपर्यंतचे निकाल दोन्हीकडे सारखेच आले. वेळ मात्र रोबोटला ७५.५ मिनिटं आणि दुर्बिणीला ४०.५ मिनिटं लागला, आणि खर्च रोबोटचा दुपटीहून जास्त. माझं मत असं, की पहिल्या हर्नियासाठी रोबोटचे जादा पैसे भरू नका. चिकटलेला प्लग, मोठं भोक, पूर्वीची जाळी आतून, प्रोस्टेटच्या ऑपरेशनानंतरचा हर्निया, अशा ठिकाणी अनुभवी हातात रोबोट असेल तर त्याला अर्थ आहे. दुर्बिणीची अशी ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन आणि रोबोटवर नवीन बसलेला सर्जन यांत निवड करायची असेल तर मी दुर्बिणीवाल्याकडे जाईन. "पुन्हा आलेले हर्निया तुम्ही किती केलेत आणि त्यातले मागच्या बाजूने जाळी असलेले किती?" हा प्रश्न थेट विचारा. चांगला सर्जन रागावत नाही.

जादा खर्च कशाचा, तेही समजून घ्या. रोबोटच्या अवजारांना ठरावीक वापरांची मर्यादा असते. मशीन ती स्वतः मोजतं आणि संपली की अवजार चालत नाही. त्यामुळे दर ऑपरेशनला अवजारांचा वाटा बिलात येतो, शिवाय कव्हरं, काटेरी धागा आणि जाळी. इस्टिमेट घेताना "रोबोटिक चार्जेस"मध्ये नेमकं काय धरलं आहे ते लिहून घ्या. विमा नियामकाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रियेला आधुनिक उपचारांच्या यादीत घातलं, त्यामुळे ती सरसकट नाकारता येत नाही, पण पॉलिसीत रकमेची वेगळी मर्यादा असू शकते. हर्नियाला बहुतेक पॉलिसींमध्ये पहिली २ वर्षं प्रतीक्षा कालावधी असतो, आणि पूर्वीचं ऑपरेशन अर्जात सांगितलं नसेल तर कॅशलेस तिथेच अडकतं. प्री-ऑथची, म्हणजे ऑपरेशनआधी विमा कंपनीकडून घ्यायची, मंजुरी "दुर्बिणीने" म्हणून आली आणि ऑपरेशन रोबोटने झालं तर फरक खिशातून जातो.

घरी सहसा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडतात. खांद्यात दुखलं तर ते उरलेल्या गॅसमुळे, एक-दोन दिवसांत जातं. अंडकोषावर निळसर डाग किंवा बोटाखाली चरचरल्यासारखं वाटणं घाबरण्यासारखं नाही. आतली घट्ट चड्डी किंवा सपोर्टर दोन आठवडे घालावा, रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी. चालणं पहिल्याच संध्याकाळी. ६ ते ८ तास लघवी न होणं, पोट फुगून उलट्या, ताप, वृषणात असह्य वेदना, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता निघायचं.

साधी कामं आठवडाभरात सुरू करता येतात, त्याने जाळी हलत नाही. तरी पुन्हा झालेल्या ऑपरेशनात मी दुचाकी दोन आठवडे टाळायला सांगेन. पुण्यातले स्पीडब्रेकर आणि अचानक ब्रेक दाबताना पोटाला बसणारा झटका हे त्याचं कारण. पर्वतीच्या पायऱ्या दोन आठवड्यांनी, सिंहगड चार आठवड्यांनी. ढोल पथकात असाल तर ऑपरेशनची तारीख ठरवतानाच ते सांगा. कमरेला बांधलेला ढोल नेमका जांघेच्या वर, जाळीच्या वरच्या कडेवर दाबतो आणि सराव तासन्‌तास चालतो. निदान सहा आठवडे ढोल नको. गणपतीच्या आधी दोन महिने सराव सुरू होतो, तेव्हा उन्हाळ्यातच उरकून घेतलेलं बरं.

आणि निघताना ऑपरेशन नोट मागून घ्या. तिच्यात वाट कुठली, हर्निया कुठल्या प्रकारचा, तिन्ही वाटा तपासल्या का, जाळीचं माप आणि ती कशाने अडकवली, एवढं असलंच पाहिजे. युरोपीय वर्गीकरणानुसार प्रकार लिहिला असेल तर पुन्हा आलेल्या हर्नियापुढे "आर" हे अक्षर असतं, ते आहे का बघा. जाळीच्या डब्यावरचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेला असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांना या कागदाची गरज पुढे आणखी एका कारणाने लागू शकते. प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन करायची वेळ आली तर यूरॉलॉजिस्टला याच मोकळ्या जागेतून जावं लागतं, आणि तिथे जाळी आहे हे त्याला आधी माहीत असलं पाहिजे.